एका कोयत्यातली दोन माणसे

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' हे हत्याराचे नाव आहे आणि मोजमापाचेही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा. मजूर जमवणारा मुकादम किती कोयत्यांची टोळी आणणार यावर त्याचा करार होतो, एका कोयत्याला किती उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, द्यायची यावर हंगामाआधी घासाघीस होते, आणि हंगाम संपून पट्टा पडला की कोयत्याची उचल फिटली की बाकी राहिली हे वहीत मांडले जाते. या वहीत बाईचे नाव येत नाही. तिने बांधलेली मोळी येते, तिने डोक्यावरून वाहून गाडीत भरलेला ऊस टनांत येतो. ती येत नाही. पुढच्या पानांतील लेख कर्जाचा कायदा, श्रमाचा कायदा आणि वैद्यकीय कायदा अशा तीन भागांत मांडले आहेत. अभ्यासाच्या सोयीसाठी अशी मांडणी करावीच लागते. पण ज्या बाईसाठी हे तिन्ही कायदे आहेत, तिचे आयुष्य अशा तीन भागांत वाटलेले नाही. या प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे: ऊसतोड करणाऱ्या बाईपर्यंत कायदा पोचत नाही याचे पहिले कारण कायद्यांची कमतरता हे नाही. हिशेबाचे एकक चुकीचे आहे, आणि कायदा लिहिणाऱ्यांनी, राबवणाऱ्यांनी व अभ्यासणाऱ्यांनी ते एकक जसेच्या तसे स्वीकारले आहे.

हा प्रश्न आष्टीकडून पाहण्याला कारण आहे. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका पर्जन्यछायेत येतो आणि त्याची हद्द अहिल्यानगर जिल्ह्याला लागते. हद्दीपलीकडच्या त्याच नगर जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. कालवे एकीकडे आणि कोरडवाहू रान दुसरीकडे अशी विभागणी झाली, तेव्हाच पाणी असलेल्या भागात ऊस वाढणार आणि पाणी नसलेल्या भागातून तो तोडायला माणसे येणार हे ठरल्यासारखे होते. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट रुळली. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडे निघतात, फडाजवळ कोप्या घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, २०२५ च्या सप्टेंबरात ती बीडला पोचली. तरीही टोळ्या ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच जातात, कारण त्यांच्या प्रवासाचा मालक प्रवासी नसतो. ज्याने उचल दिली तो गाडी पाठवतो.

या व्यवहाराची उतरंड समजून घेतल्याशिवाय कायद्याची अडचण कळत नाही. कारखाना वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करार करून आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम कोयत्यांना वाटतो. मजुरी दिवसावर ठरत नाही, टनावर ठरते. तोडणीचा दर राज्य पातळीवर साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातल्या वाटाघाटीतून, शेवटी शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाकडून ठरत आला. २०२४ च्या जानेवारीत त्यात ३४ टक्के वाढ झाली. हा दर मजुरांनी संप करकरून मिळवलेला आहे आणि त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण टनाचा दर वाढला तरी एका माणसाने किती तास राबून किती मिळवले हे त्यातून कळत नाही. पहाटे सुरू झालेले काम गाडी भरेपर्यंत चालते. गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. किमान वेतनाचा कायदा विचारतो, एका माणसाच्या एका दिवसाला किती? कोयत्याचे उत्तर येते, दोघांच्या हंगामाला इतके. प्रश्न आणि उत्तर यांचे एककच जुळत नाही, म्हणून उल्लंघन झाले की नाही हे तपासायलाही जागा उरत नाही.

मालक कोण, या प्रश्नाचेही तसेच. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च आम्ही शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापतो, म्हणजे मजूर शेतकऱ्याचा. आम्ही फक्त मधली व्यवस्था पाहतो. शेतकरी म्हणतो, कोणती टोळी कधी येणार हे मला माहीतही नसते. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम स्वतःला मजुरांचाच माणूस म्हणवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हुसेनभाई खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात, यावर एक कसोटी दिली होती: मध्ये कितीही कंत्राटदार उभे केलेले असोत, मजुराच्या पोटापाण्यावर ज्याचे आर्थिक नियंत्रण आहे तो खरा मालक. पुढे २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निकालाने कंत्राटी कामगारांची वाट अरुंद केली, हे खरे. तरी तोडणीचे वेळापत्रक कोण ठरवतो, तोडचिठ्ठी कोण देतो, वजनकाटा कोणाचा आणि आगाऊ रकमेचा उगम कोणाच्या तिजोरीत, हे प्रश्न क्रमाने विचारले तर उतरंडीच्या वरच्या टोकाला कारखानाच सापडतो.

आता उचल. ती कर्ज आहे का? महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा 'कर्ज' म्हणजे व्याजाने दिलेली आगाऊ रक्कम असे मानतो. उचलीवर सहसा व्याज लिहिलेले नसते, म्हणून मुकादम सावकार ठरत नाही. तिची किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होते: पडेल त्या दराने, पडेल त्या फडात, पडेल त्या वेळी राबण्याच्या बांधिलकीतून. वसुली अपुरी राहिली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यावी लागते. व्याजाचा आकडा शोधणाऱ्या कायद्याला हे दिसत नाही. दिसते ते दुसऱ्या एका कायद्याला. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा व्याज असण्याची अटच घालत नाही. आगाऊ रक्कम घेतल्याच्या मोबदल्यात मजुराने दुसरीकडे काम करण्याचे, मोकळेपणी फिरण्याचे किंवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावले का, एवढेच तो विचारतो. तसे असेल तर ते कर्ज कायद्यानेच विझते, आणि हे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर पडतो. १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी आणि स्थलांतरित मजूरही यात येऊ शकतात हे स्पष्ट केले.

या कायद्याच्या व्याख्येत एक छोटा शब्दसमूह आहे, जो ऊसतोडीच्या चर्चेत जवळजवळ कधीच उच्चारला जात नाही. कर्जदाराने श्रम 'स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीमार्फत' द्यायचे, असा तो आशय आहे. म्हणजे उचल नवऱ्याने घ्यायची, अंगठा नवऱ्याचा आणि ती फेडायला बाईने राबायचे, ही परिस्थिती कायदेमंडळाला १९७६ सालीच दिसली होती. मुकादमाच्या वहीने एका कोयत्यात झाकलेले दुसरे माणूस या व्याख्येत उघड उभे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाड मजुरांच्या निकालात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचे काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मधले सक्तीचे श्रम असे म्हटले. पोटाची सक्ती हीदेखील सक्तीच, हा त्या निकालाचा गाभा. पाठोपाठ बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालाने सांगितले की सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. हे तिन्ही धागे जुळवले तर बाईसाठी स्वतंत्र प्रश्न तयार होतो: जिने उचल घेतली नाही, तिला ती फेडण्यासाठी राबणे नाकारता येते का?

यावर पहिला आक्षेप ऊसपट्ट्यातूनच येतो, आणि तो हलका नाही. मजूर उचल स्वतः मागतात. बँक त्यांना दारात उभे करत नाही. मुलीच्या लग्नाला, घराला, दवाखान्याला एकरकमी पैसा मिळण्याची हीच एक जागा आहे. मजुरांची चणचण वाढली तशी उचल वाढली, चांगला कोयता दोन मुकादमांकडे भाव करतो. याला वेठ म्हणणे म्हणजे मजुराच्या शहाणपणाचा अपमान नाही का? यातले निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. १९७६ चा कायदा व्यवहारात शिरताना खुशी होती का हे विचारत नाही. बाहेर पडताना वाट उघडी होती का हे विचारतो. आजारी पडल्यावर, बाळंतपण जवळ आल्यावर, फडात अपघात झाल्यावर घरी परतता येत असेल आणि राहिलेली रक्कम पुढे दिवाणी मार्गाने मागितली जात असेल, तर ती उचल साधे कर्ज आहे. परतता येत नसेल तर ती साखळी आहे, मग रक्कम पाच हजार असो की लाख. उलट रक्कम जितकी मोठी तितका बाहेर पडण्याचा खर्च मोठा. वाढत्या उचलीला केवळ वाढत्या सौदाशक्तीची खूण मानणे म्हणूनच अपुरे आहे. आणि सौदाशक्ती वाढली असली तरी ती कोयत्याची वाढली आहे. घासाघीस करायला नवरा बसतो. बायकोने किती खाडे, म्हणजे कामाला सुट्ट्या, घ्यायचे हे त्या बैठकीत ठरत नाही.

दुसरा आक्षेप वाहतूकदारांचा. उचल घेऊन टोळी येतच नाही, मुकादम फोन बंद करून बसतो, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, घरावर कर्ज चढते. ही तक्रार खरी आहे आणि मजुरांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ती दडवू नये. मुकादमही अनेकदा या उतरंडीतला अडकलेला माणूस असतो. वरच्याला त्याने जमीन तारण दिलेली असते. पण फसवणुकीसाठी फौजदारी कायदा आहे, पैशाच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालय आहे. माणूस अडकवून ठेवणे हा वसुलीचा मार्ग कोणत्याच कायद्यात नाही. शिवाय ही फसवणूक ज्या अंधारात घडते तो अंधार याच हिशेबपद्धतीने तयार केला आहे. रोख पैसे तीन हातांतून उतरतात, मजुराला मूळ रक्कम किती होती हे कळत नाही आणि वाहतूकदाराला मजूर कोण हे कळत नाही. नवरा आणि बायको यांची स्वतंत्र नावे, स्वतंत्र खाती आणि त्यावर थेट जमा होणारी मर्यादित आगाऊ रक्कम, असा बदल केला तर वाहतूकदाराचेही रक्षण होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपावर टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे आणि मजुरांना ओळखपत्रे देण्याचे कामही चालू झाले आहे. सांगाडा उभा आहे. त्यात बाई स्वतंत्र कामगार म्हणून नोंदली जाते की कोयत्याचा अर्धा भाग म्हणून, यावर त्याचा उपयोग ठरेल.

वैद्यकीय कायद्याचा भाग इथे येऊन मिळतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या. त्या वर्षी विधिमंडळात सरकारने तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' होती, म्हणजे साधारण सहा जणींत एक. फडात ना संडास, ना आडोसा, ना पुरेसे पाणी; पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची; अंगावरून जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले तरी हंगामात दवाखाना गाठायचा तर दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा, आणि खाड्याचा दंड. त्या वेळच्या बातम्यांत तो दिवसाला ५०० रुपये सांगितला गेला होता. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. कर्ज फेडण्यासाठी शरीर, आणि शरीर दुरुस्त करण्यासाठी कर्ज, असे हे चक्र पूर्ण होते.

या चक्राला संमतीचा कायदा कुठे भिडतो? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत जो निकाल दिला, तो योगायोगाने गर्भाशय काढण्याबद्दलचाच आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या रुग्णाचे गर्भाशय आणि बीजकोश बाहेर बसलेल्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की सज्ञान रुग्णाची संमती दुसऱ्याने द्यायची नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. आणि उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. ही कसोटी मोलाची आहे, पण तिचा प्रकाश डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधल्या टेबलापुरता पडतो. डॉक्टरने सगळे पर्याय सांगितले तरी, 'औषधे घ्या, दर पंधरा दिवसांनी दाखवायला या' हा पर्याय फडात राबणाऱ्या बाईला उपलब्धच नसतो. खाड्याच्या दंडाने तो आधीच रद्द केलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की उचलीचा कागद हा केसपेपरचाच भाग मानून वाचला पाहिजे. पर्याय कागदावर होता की पायाखाली, हे त्याशिवाय कळत नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप इथेच उभा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण आंध्र प्रदेशात ८.९ टक्के, तेलंगणात ७.७ टक्के आणि बिहारात ५.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. तिथे कुठे बीडचे मुकादम होते? लवकर लग्न, लवकर बाळंतपण, कर्करोगाची भीती, खासगी दवाखान्यांचा नफा आणि विमा योजना ही कारणे उसापासून स्वतंत्र आहेत. हा आक्षेप मी मान्य करतो. मुकादम बायकांना शस्त्रक्रिया करायला लावतात, हे सरसकट विधान पुराव्यापेक्षा मोठे आहे आणि अनेक बायकांनी गंभीर त्रासापायी विचारपूर्वक हा निर्णय घेतला हेही नाकारता येत नाही. पण कायद्याला एकमेव कारण सापडण्याची गरज नसते. आंध्रात नफ्याने वाट अरुंद केली असेल, बीडमध्ये नफा आणि खाडा दोघांनी मिळून केली. पहिल्या कारणावर दवाखान्याचे नियमन चालते. दुसऱ्यावर ते चालणार नाही, कारण दुसरे कारण दवाखान्याबाहेर, फडात आहे.

उपायांची मर्यादा यावरूनच दिसते. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२३ च्या एप्रिलमध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत असा आदेश दिला. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र आष्टीला बीडपेक्षा नगर जवळचे. एका जिल्ह्यापुरती परवानगीची अट जिल्ह्याच्या हद्दीशी संपते आणि बाईची वाट तिथे संपत नाही. शिवाय खरोखर रक्तस्रावाने खंगलेल्या बाईला परवानगीच्या कागदासाठी आणखी दोन खेपा पडल्या, तर तिच्या खाड्यांत दोनांची भर पडते. पगारी आजारपणाची रजा हा ऊसतोडीत चमत्कारिक वाटणारा शब्द आहे. गर्भाशय वाचवण्याचा तो कदाचित सर्वांत परिणामकारक नियम ठरेल. वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर श्रमाच्या कायद्यात असते, ते असे.

हद्दीची ही अडचण कायदाभर पसरलेली आहे. कर्ज आष्टीत जन्मते, काम साताऱ्यात किंवा कोल्हापुरात होते, शस्त्रक्रिया तिसऱ्या गावी. वेठबिगारीच्या दक्षता समित्या जिल्हा आणि उपविभाग पातळीवर असतात; दोन जिल्ह्यांना जोडणाऱ्या कर्जाची नोंद कोणी करायची? १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडली तरच लागू होत असे. आष्टीची टोळी बेळगावला गेली तर ती 'स्थलांतरित', शिरोळला गेली तर नाही, जरी दोन्ही फडांत कोपी सारखीच असली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला, पण दुसऱ्या राज्यातून येण्याची अट व्याख्येत राहिलीच. १९७६ चा वेठबिगार कायदा मात्र संहितांच्या बाहेर, स्वतंत्र उभा आहे. ऊसतोडीसाठी आज तोच सर्वांत रुंद दरवाजा आहे, आणि तोच सर्वांत कमी ठोठावला जातो.

शेवटी कायद्याच्या अभ्यासाबद्दल. आपले कायदेविषयक लेखन निकालपत्रांवर उभे असते. जो प्रश्न न्यायालयात गेला त्याचा अभ्यास होतो. जो गेला नाही तो कायद्याचा प्रश्नच नाही असे नकळत ठरते. ऊसतोड करणारी बाई सहसा न्यायालयात जात नाही. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रीय लेखावरून ऊसतोड मजुरांच्या प्रश्नावर स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, यातच सगळे आले: तिचे म्हणणे तिच्या अर्जातून न येता बातमीतून आले. म्हणून इथे अभ्यासाची साधने बदलावी लागतात. मुकादमाची वही, उचलीच्या कराराचा मुद्रांक, तोडचिठ्ठी, वजनकाट्याची पावती आणि दवाखान्याचा केसपेपर हे कायद्याचे दस्तऐवज म्हणून वाचावे लागतात, आणि एकत्र वाचावे लागतात. पुढचे लेख ज्याने त्याने आपल्या आवडीच्या भागापासून सुरू करावेत. फक्त प्रत्येक लेखात जिथे 'मजूर', 'कुटुंब' किंवा 'कोयता' असा शब्द येईल, तिथे क्षणभर थांबून त्या शब्दात किती माणसे आहेत ती मोजावीत. वहीत एकाच ओळीत लिहिलेली ती दोन माणसे कायद्याने दोन ओळींत लिहिली, की किमान वेतन मोजता येईल, उचल कोणाची हे विचारता येईल आणि संमती कोणाची हेही. सुधारणेची सुरुवात वहीतली एक ओळ वाढवण्यापासून व्हायची आहे.